ससा घेऊन नेरूळला: पाचपैकी चार तारे

मी कळव्याला राहते आणि ज्याबद्दल लिहिते आहे तो प्राण्यांचा दवाखाना आहे नेरूळला. एका सशासाठी विटावा, ऐरोली, घणसोली, तुर्भे एवढं सगळं ओलांडून कशाला जायचं, हे आमच्या सोसायटीत प्रत्येकाने मला एकदा तरी विचारलंय. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते, शेवटची काही वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात. आता निवृत्त. कुठल्याही दवाखान्यात शिरलं की मी भिंतीवरची सर्टिफिकेटं बघत नाही. बेसिनपाशी साबण आहे का, आणि औषध लिहायच्या आधी पेशंटचं वजन झालं का, हे बघते. या दोन गोष्टींवरून बाकीचं बरंचसं कळतं.

पेशंटचं नाव गुंडू. करडा रंग, एक कान उभा, एक पडलेला. भाच्याने हौसेने दुकानातून आणला आणि त्याच्या बायकोला वास सहन होईना म्हणून माझ्याकडे पोचवला. आता चार वर्षांचा आहे. या पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचं खाण्याचं काहीतरी बिघडलं. भूक होती, कारण कोथिंबिरीची जुडी सोडली की धावत यायचा. पण काडी तोंडात घ्यायचा, दोनदा चावायचा आणि टाकून द्यायचा. हनुवटीखालचा केसांचा पट्टा सतत ओला. लेंड्या निम्म्या झाल्या आणि त्याही मिरीएवढ्या.

ठाण्यात जनावरांचे डॉक्टर कमी नाहीत. गल्लोगल्ली आहेत. पण पाटीवर ससा नसतो, आणि असला तरी आत असतोच असं नाही. आधी ज्यांच्याकडे गेले त्यांनी गुंडूला टोपलीतून बाहेरही काढलं नाही. वरून बघितलं, "तोंडात इन्फेक्शन दिसतंय" म्हणाले आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. अडीच मिली, दिवसातून दोनदा. मी विचारलं, "डॉक्टर, वजन नाही घेतलं?" तर म्हणाले, "अंदाज आहे ना." मी बालरोग विभागातली बाई. वजनाशिवाय लिहिलेला डोस मी माणसाच्या पोराला दिला नाही, सशाला कशी देईन? चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि घरी आले.

दुसरे डॉक्टर भले गृहस्थ. टोपलीत डोकावले आणि म्हणाले, "मावशी, माझ्याकडे कुत्री-मांजरं येतात. सशाचं मला जमत नाही, उगाच हात लावणार नाही. नेरूळला एक मॅडम आहेत, एक्झॉटिक, म्हणजे ससे-पोपट असले प्राणी बघतात, तिकडे जा. आणि आजच जा, उद्यावर टाकू नका." तपासणीचे पैसेही घेतले नाहीत.

आजच जा असं का, ते मला नेरूळला कळलं. सशाचं पोट थांबता कामा नये. आपण एक दिवस उपास केला तर काही बिघडत नाही, उलट पुण्य लागतं. ससा दहा-बारा तास काही न खाता बसला तर आतड्याची हालचाल मंदावते, गॅस धरतो, दुखायला लागतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही आणि मग हे चक्र त्याला घेऊन जातं. शिवाय दुखतंय हे तो ओरडून सांगत नाही. कोपऱ्यात अंग आखडून बसतो, दात करकरवतो, बस. जंगलात ज्याची शिकार होते त्या प्राण्याने आजारपण दाखवायचं नसतं, असं मॅडम म्हणाल्या.

आता दवाखान्याबद्दल. पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवा. बाहेर बसायची जागा एकच आणि तिथे कुत्रीही असतात. एक मोठा लॅब्रॅडोर गुंडूच्या टोपलीला नाक लावून बसला होता आणि गुंडूचा जीव आत अर्धा झाला होता. मी रिसेप्शनवर सांगितल्यावर त्यांनी आम्हाला आतल्या औषधांच्या खोलीत बसवलं, पण हे मला सांगावं लागलं. ज्या दवाखान्यात ससे, गिनीपिग, पोपट येतात तिथे वेगळा कोपरा असायला हवा. यासाठी अर्धा तारा कापला.

आत गेल्यावर मात्र मी गप्प झाले, आणि मला ओळखणाऱ्यांना त्याचा अर्थ कळेल. टेबलावर रबरी चटई, पाय घसरू नयेत म्हणून. शेजारी काटा, आमच्या वॉर्डात तान्ह्या बाळांना असतो तोच, ग्रॅममध्ये दाखवणारा. मॅडमनी आधी गुंडूला हात न लावता मला प्रश्न विचारले. काय खातो, गवत किती, पाणी वाटीतून की बाटलीतून, लघवीचा रंग कसा. शेवटी "लेंड्या आणल्यात का?" मी डबी पुढे केली तेव्हा त्या हसल्या. "सिस्टर आहात का तुम्ही?" तिथपासून मी काकूची सिस्टर झाले.

मग त्यांनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं, बाळाला दुपट्यात बांधतात तसं, फक्त तोंड बाहेर. मागचे पाय आधी आत घेतले. ससा घाबरून मागचे पाय जोरात झाडतो आणि त्या झटक्याने स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो, म्हणून त्याला कधीही कानाला धरून उचलायचं नाही. दुकानदार नेमकं तेच करतात. पुढचे दात बघून झाल्यावर त्यांनी कान बघायचं दुर्बिणीसारखं यंत्र घेतलं आणि ते ओठाच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवलं. मलाही बघायला दिलं. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेला आतून एक टोक आलेलं, काचेच्या तुकड्यासारखं धारदार नाही पण तिरकं, आणि जिभेच्या कडेला बरोबर त्याच जागी पांढरट व्रण. इन्फेक्शन वगैरे काही नव्हतं. जीभ दर घासाला सोलली जात होती.

सशाला 28 दात असतात आणि सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजतात गवताने. गवतात वाळूचा अंश असतो आणि ते चघळताना जबडा आडवा फिरतो, त्यानेच दाढा घासल्या जातात. दुकानातली रंगीत दाण्यांची पाकिटं चावायला जबडा नुसता वर-खाली होतो, दाढ झिजत नाही. भाच्याकडे असताना गुंडू याच पाकिटांवर वाढलेला. त्याचं फळ आत्ता.

मी पर्समधली ती चिठ्ठी दाखवली. मॅडमनी अ‍ॅमॉक्सिसिलिनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "पाजलं का?" नाही म्हटल्यावर त्यांनी श्वास सोडला. सशाच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी जो पिशवीसारखा भाग असतो, त्यातले जंतूच त्याचं गवत पचवतात. तोंडावाटे दिलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन यातले चांगले जंतू मारतं, मग क्लॉस्ट्रिडियम नावाचा वाईट जंतू माजतो, त्याचं विष भिनतं, जुलाब लागतात आणि ससा जातो. गंमत म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन सशाला देतात, तोंडावाटे मात्र नाही. चाळीस वर्षं औषधांत वावरूनही मला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण पाटीवर प्राण्यांचा डॉक्टर लिहिणाऱ्याला असायला हवं. असंच दुसरं नाव फिप्रोनिल. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मानेवर टाकतात ते. सशावर थेंबही टाकायचा नाही. ज्यांच्या घरी कुत्रा आणि ससा दोन्ही आहेत त्यांनी हे कपाटावर लिहून चिकटवा.

आता पैशाचं, कारण बहुतेकांना हेच वाचायचं असतं.

केसपेपर आणि तपासणी 900 रुपये. आठवड्याच्या आत परत दाखवलं तर 400. कवटीचे दोन एक्स-रे 1400, कारण दाढेचं मूळ खाली जबड्यात किंवा वर डोळ्याच्या दिशेने वाढलंय का ते वरून दिसत नाही. भूल देऊन दाढ घासणं 6500, त्यात भुलीचा गॅस, सलाईन, दुखण्याचं औषध आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घेणं धरलेलं. हे सगळं मॅडमनी आधी एका कागदावर लिहून दिलं, खाली "जास्तीत जास्त" म्हणून एक आकडा आणि सही. मी नोकरीच्या काळात खाजगी रुग्णालयांची बिलं रडवेल्या नातेवाइकांच्या हातात बघितली आहेत. आधी लिहून दिलेला आकडा म्हणजे काय, ते मला विचारा.

तरी बिलात "इतर साहित्य 350" असं निघालंच. मी विचारलं, इतर म्हणजे काय? रिसेप्शनवरच्या मुलीला सांगता येईना. मॅडमना बोलावलं, त्यांनी मोडून दाखवलं, सिरिंजा, हातमोजे, कानातल्या शिरेसाठी बारीक सुई. पटलं, दिले. पण ते कागदावर आधीच यायला हवं होतं. उरलेला अर्धा तारा इथे आणि रात्रीच्या सोयीत विभागून गेला. अर्धे पैसे आधी भरायचे असतात. उरलेले मी दोन हप्त्यांत दिले, त्यांनी कुरकुर केली नाही.

ऑपरेशनच्या दिवशीची एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे पेशंटला भूल द्यायची तर रात्रीपासून तोंड बंद. इथे मला सांगितलं, येताना त्याचं आवडतं गवत आणि पालेभाजी डब्यात घेऊन या, सकाळीही खाऊ द्या. सशाला उलटी होऊच शकत नाही, तेव्हा ते छातीत जायची भीती नाही, आणि उपाशी ठेवलं तर पोट थांबायची भीती मोठी. जो डॉक्टर तुमच्या सशाला भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवायला सांगेल, त्याला नमस्कार करून टोपली उचला. नेलकटरने पुढचे दात कापणारे आहेत, त्यांनाही लांबूनच नमस्कार. दात उभा चिरतो आणि मुळाशी गळू होतं.

दुपारी फोन आला की शुद्धीवर आलाय, पण अंग 37.4 सेल्सिअस आहे, गरम गादीवर ठेवलाय. माझ्या कानाला 37.4 छान वाटलं. सशाला ते कमी. त्याचं नेहमीचं 38.5 ते 40 च्या मध्ये असतं. संध्याकाळी मी पोचले तेव्हाही सोडेनात. "स्वतःहून खाल्लं आणि लेंडी टाकली की सोडू." शेवटी त्याने मेथीचं पान ओढलं. थोड्या वेळाने मदतनीस पोरगा ट्रे घेऊन बाहेर आला, त्यात तीन लेंड्या, आणि चेहऱ्यावर आनंद असा की मुलगा झाल्याची बातमी द्यायला आलाय. डिस्चार्ज मिळाला. घरी मेलॉक्सिकॅम या दुखण्याच्या औषधाचे थेंब, मात्रा ग्रॅमच्या वजनावर काढलेली, आणि गवताची पूड पाण्यात कालवून सिरिंजने भरवायची. ती परदेशी पूड महाग आहे. मॅडमनी स्वतःच सांगितलं की छोटं पाकीटच घ्या, दोन-तीन दिवसांनी लागणार नाही. लागलं नाही.

घरी आल्यावर शेजारच्या काकांचं ठरलेलं वाक्य. "अहो, एवढ्या पैशात वीस ससे येतात." मी म्हटलं, तुमच्या नातवालाही तुम्ही फुकटच आणलंत, आणि त्याच्या दातांना तारा लावायला चाळीस हजार मोजलेत. त्यानंतर काका जिन्यात भेटले की क्रिकेटवर बोलतात.

पण खरंच पैसे लागतात, आणि सगळ्यांना पेन्शन नसतं. मी बँकेत गुंडूच्या नावाने, म्हणजे माझ्याच नावाने, महिन्याला पाचशेची आरडी काढली आहे. एकदा टोक आलेली दाढ पुन्हा वाढणारच, काही महिन्यांनी परत घासावी लागू शकते, तेव्हा तो खर्च अचानक आला असं म्हणायला जागा नाही. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवून त्यात त्याचं वजन करते आणि कॅलेंडरवर लिहिते. शंभर ग्रॅम उतरलं की फोन. लवकर पकडलं तर काम तपासणीच्या पैशात भागतं.

गवतावर बचत करू नका, पण परदेशी टिमोथीच हवं असंही नाही. मी निम्मं ते घेते आणि निम्मी हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा, ओळखीच्या फुलवाल्याकडून जुड्या घेते आणि गच्चीत सावलीत वाळवते. रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेली घ्यायची नाही. तबेल्यात मिळणारा लसूणघास स्वस्त असतो, पण वाढ पूर्ण झालेल्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार, लघवीत गाळ धरतो. गाजर रोज देणाऱ्यांनी ते चित्रांतल्या सशासाठी ठेवावं.

आणखी एक, ज्याने काहींचे 900 वाचतील. सशाची लघवी कधी कधी नारिंगी, अगदी विटकरी लाल होते. बीट खाल्लं नसलं तरी. पाल्यातल्या रंगद्रव्याने असं होतं. केमिस्टकडे लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्यावर रक्त दाखवलं नाही आणि ससा खात-पळत असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. पट्टीने रक्त दाखवलं, किंवा तो जोर लावून थेंब थेंब करतोय, तर मात्र लगेच निघा.

मादी असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या ओळखीच्या एका मुलीकडे मादी आहे, एकटीच असते म्हणून तिने नसबंदीचा विचार केला नव्हता. तिला मी इथे घेऊन आले. मॅडमनी सांगितलं की प्रश्न पिल्लांचा नाही. सशाच्या मादीत गर्भाशयाचा कॅन्सर इतका होतो की चार वर्षांपुढच्या माद्यांत, काही जातींत तर निम्म्याहून अधिक, तो आढळलाय. तिला 9000 चा अंदाज लिहून मिळाला. ती पैसे जमवते आहे, आणि दवाखान्याने तोच दर सहा महिने धरून ठेवू असं त्याच कागदावर लिहिलंय. हे मला फार आवडलं.

ज्यांना हेही परवडत नाही त्यांच्यासाठी परळ आहे. बैलघोडा हॉस्पिटल आपण म्हणतो ते, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, 1883 सालचं, आणि त्याच आवारात 1886 पासूनचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथला खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. माझी अडचण अंतराची. न खाणाऱ्या सशाला घेऊन कळव्याहून परळ म्हणजे त्याच्या जिवावर येतं. ठरवून करायच्या कामासाठी मात्र जरूर विचार करा.

अंतरावरून आठवलं. एप्रिल-मेमध्ये दुपारची वेळ घेऊ नका. तीसच्या पुढे पारा गेला की सशाला ऊन लागू शकतं, त्याला घाम येत नाही, उष्णता तो कानांतून टाकतो. पाण्याची बाटली गोठवून, टॉवेलात गुंडाळून टोपलीत त्याच्या शेजारी ठेवते. रिक्षापेक्षा एसीची टॅक्सी, पैसे लागले तरी. आणि जुलैत धो धो पाऊस असेल तर निघायच्या आधी विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलंय का ते कुणाला तरी विचारा.

मोठी उणीव रात्रीची. नऊला दवाखाना बंद, रविवारी पूर्ण बंद. सशाचं पोट थांबायला रविवार-सोमवार कळत नाही. मॅडम म्हणतात माणसं मिळत नाहीत, एकटीला झेपत नाही, आणि ते खरंही असेल. त्यांनी रात्रीसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर दिलाय, पण तो एकदा लागला, एकदा नाही.

पहिल्यांदा जाणार असाल तर संध्याकाळी सहाच्या आधी जा, नंतर कुत्र्यांची गर्दी होते. जोडीने राहणारे ससे असतील तर आजारी नसलेलाही बरोबर न्या, नाहीतर वासामुळे परत आल्यावर भांडतात. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, खाण्याच्या पाकिटाचा फोटो आणि सकाळच्या लेंड्यांची डबी घ्या. फोन लवकर उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर वय, वजन आणि शेवटचं कधी खाल्लं एवढं लिहून पाठवा, त्याला उत्तर येतं.